जुनी मोहोर आणि नवे दप्तर

कृष्णाकाठच्या या पट्ट्यात, उंब्रजपासून कऱ्हाडपर्यंत आणि पलीकडे मसूर-चाफळपर्यंत, ज्या घरांत पूर्वी वतन किंवा इनाम होते, त्या घरांतून अजून एखादी लोखंडी पेटी निघते. पेटीत लाल किंवा पिवळट फडक्याचा रुमाल, रुमालात मोडी कागद आणि एखाद्या कागदाच्या माथ्यावर काळ्या शाईचा गोल किंवा अष्टकोनी शिक्का. घरातली वडीलधारी माणसे तो कागद हातात फार वेळ देत नाहीत. वाचता कोणालाच येत नाही. तरी, ‘हा खरा आहे ना?’ एवढा प्रश्न मात्र हमखास विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही जरा लांबच्या वाटेने शोधणार आहो. त्याचे कारण असे की, नेमका हाच प्रश्न सध्या एका अगदी निराळ्या दप्तरात उभा आहे. संगणकाची प्रणाली जेथे रोज नव्याने बांधली जाते, अशा यंत्रांची वेळोवेळी सुधारणा करावी लागते. ती केली की पुष्कळदा नवे यंत्र जुन्या स्वाक्षऱ्या ओळखण्याचे नाकारते. काल ग्राह्य असलेला शिक्का आज अग्राह्य होतो आणि काम अडते. आता काय करायचे, या प्रश्नावर शहाणीसुरती माणसे घोटाळ्यात पडलेली आम्ही पाहिली आहेत. आमच्या पूर्वजांना हा घोटाळा नवा नव्हता. दोन-तीन पिढ्यांत चार राजवटी पाहिलेल्या मुलखात तो नवा असेलच कसा?

प्रथम शिक्क्याची व्यवस्था पाहू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टी आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. शिक्का म्हणजे राजाची किंवा प्रधानाची मुख्य मुद्रा. मोर्तब म्हणजे मजकूर संपला त्या जागी उमटवलेली लहान मुद्रा. इच्या खाली कोणी एक अक्षर वाढवले तरी ते हुकमात धरायचे नाही. मजकूर लांबला तर एका बंदाला दुसरा बंद खळीने चिकटवीत, आणि त्या जोडावर पाठीमागून शिक्का मारीत. मधला एखादा बंद काढून तेथे दुसरा घालावा म्हटले, तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नाहीत. एवढ्यानेही भागत नसे. फडावरच्या वहीत त्या कागदाची नोंद होई आणि ‘बार’ झाल्याची खूण कागदावर पडे. म्हणजे धन्याजवळ कागद आणि सरकारजवळ वही. एकाचा खरेपणा दुसऱ्यावरून पडताळता येई. आम्हांला या साऱ्या यंत्रणेत ही बारनिशी सर्वांत मोलाची वाटते. शिक्का लोकांच्या डोळ्यांत भरतो, वहीकडे कोणी पाहत नाही. पण वेळ पडते तेव्हा उपयोगी पडते ती वही.

शिवाय गावचा कागद असेल तर सारे गोत साक्षीला असे. महजरावर पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या काढलेल्या असत. अक्षर न येणाऱ्याची ती सहीच होती.

आता राजवट बदलली म्हणजे काय होई ते पाहू. 1689 साली संभाजीमहाराज पकडले जाऊन मारले गेले आणि त्याच वर्षी रायगड पडला. राजाराममहाराज जिंजीस गेले. पुढची 18 वर्षे या प्रांतात एका गावावर दोन दोन धनी हक्क सांगत होते. औरंगजेब बादशहाचा कागद, राजाराममहाराजांची सनद, 1700 नंतर ताराबाईसाहेबांच्या कारभारातली पत्रे, असा ढीग एकाच घरात साचला. 1707 मध्ये शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि 1708 च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा वतनदारांची साताऱ्यास रीघ लागली. प्रत्येकाच्या बगलेत जुने कागद आणि मनात एकच धास्ती: ज्याच्या शिक्क्याने मला हे मिळाले तो तर आता धनी नाही, मग माझे वतन राहिले की गेले?

या धास्तीवर त्या काळच्या दप्तराने जो तोडगा काढला, तो आम्हांला अतिशय शहाणपणाचा वाटतो. जुने पत्र ‘मनास आणावयाचे’, म्हणजे वाचून, पडताळून, भोगवटा कोणाचा आहे हे गावाला विचारून पाहावयाचे आणि मग आपल्या शिक्क्याचे नवे पत्र करून द्यावयाचे. वतन तेच, वतनदार तोच, हद्दी त्याच. बदलली ती केवळ मोहोर. नव्या पत्राच्या शेवटी अंमलदारांना एक ठरावीक ताकीद असे. तिचा भावार्थ असा की, दरवर्षी नवे पत्र मागून याला अडवू नका, या पत्राची नक्कल लिहून घ्या आणि मूळ पत्र भोगवट्याला याच्याजवळ परत द्या. पुराव्याच्या कायद्याचे मर्म या एका वाक्यात आहे. तपासणारा आपल्यापाशी नक्कल ठेवतो आणि ज्याचा हक्क त्याचा पुरावा त्याच्याच घरी राहतो.

यात सारे गोड होते असे मात्र नाही. नव्या पत्राला नजर द्यावी लागे. चार कारकुनांचे हात ओले करावे लागत. ज्याला साताऱ्याची वारी परवडत नसे तो मागे पडे, आणि ज्याचे दरबारी वजन मोठे तो कित्येकदा दुसऱ्याचेही आपल्या नावावर करून घेई. याच वेळी कोल्हापूरकडे दुसरी गादी होती. 1731 च्या वारणेच्या तहाने हद्द ठरेपर्यंत कोणत्या शिक्क्याकडे जावे हाच मुळी प्रश्न होता. तरीसुद्धा रीत म्हणून ती रीत चांगली होती. मोहोर जुनी झाली एवढ्यावरून तिने सांगितलेली गोष्ट खोटी ठरवायची नाही, आणि जुनी आहे एवढ्यावरून खरीही मानायची नाही, असा तिचा रोख होता.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात वर छत्रपतींचे नाव आणि खाली पेशव्याचे नाव असे. शाहूमहाराज 1749 च्या डिसेंबरात वारले. त्यानंतर शिक्क्यात राजाराम छत्रपतींचे, म्हणजे रामराजांचे नाव आले. थोरले माधवराव 1761 ते 1772 पेशवे होते. तेव्हा ‘माधवराव बल्लाळ’ या नावावर शाहूराजाचे नाव असलेला शिक्का कोणी दाखवला, तर तो डोळे मिटून बाजूला ठेवावा. परंतु ‘माधवराव नारायण’ असे असेल तर घाई करू नये. ते सवाई माधवराव, आणि त्यांच्या काळी, 1777 नंतर, साताऱ्यास दुसरे शाहूमहाराज गादीवर होते. बनावट कागद करणारा शिक्का हुबेहूब कोरतो, पण काळ चुकतो. राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनी अस्सल-नक्कल निवडताना शक, संवत्सर, तिथी आणि वार यांचा मेळ घालून पाहिला तो याचसाठी. आपल्या शेजारच्या चाफळच्या सनदेवर अभ्यासकांनी इतका दीर्घ वाद घातला, तो काही भक्तिभावाच्या उणिवेने नव्हे. मूळ हाती नसले आणि नकलेवरच बोलायचे असले, म्हणजे प्रत्येक अक्षराला साक्षीला उभे राहावे लागते.

मोहोर चुकीच्या हाती पडली, किंवा पडली असे म्हणता आले, तर काय अनर्थ होतो, याचेही उदाहरण साताऱ्याचेच आहे. प्रतापसिंहमहाराजांना इंग्रजांनी 1839 साली गादीवरून काढले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि त्याचा आधार काही कागदपत्रे. ते सारे कुभांड आहे, कागद बनावट आहेत, हे सांगण्यासाठी रंगो बापूजी 1840 मध्ये लंडनला पोचले आणि तेरा-चौदा वर्षे तेथे झगडले. कागदांची उघड चौकशी व्हावी एवढेच मागणे. ती झाली नाही. 1847 मध्ये महाराज काशीस वारले, 1848 मध्ये साताऱ्याची गादीच खालसा झाली, आणि 1853 मध्ये रंगो बापूजी रिकाम्या हाताने परत आले.

आता इंग्रजांनी जुन्या मोहोरांचे काय केले? त्यांची रीत शाहूमहाराजांच्या उलट. दक्षिण मराठा मुलखात 1843 पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला कायद्याचे बळ आले. सिद्ध करण्याचा सारा भार इनामदारावर. सनद दाखवा, ती देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता हे दाखवा, पिढ्यान्‌पिढ्या भोगवटा चालत आल्याचे दाखवा. पडताळ्यासाठी पेशवे दप्तर होते, पण ते सरकारच्या ताब्यात. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, आगीत जळला किंवा पुरात वाहून गेला, त्याने कोणाकडे जावे? सनद देणारे छत्रपती नाहीत, पेशवे नाहीत. नवी मोहोर उठवून देणारे कोणीच उरले नव्हते. इनामे गेली, घरे बसली. 1857 च्या असंतोषाच्या कारणांत या कमिशनचे नाव येते ते उगाच नाही. पुढे 1863 च्या कायद्यांनी तडजोड निघाली: पुराव्याच्या फंदात न पडता आकाराचा काही हिस्सा दरसाल सरकारात भरावा, इनाम कायम. एकीकडे दहा वर्षे कसून छळ, आणि मग एकदम तपासणीच सोडून देणे. ही दोन टोके ध्यानात ठेवा. पुढे कामास येतील.

येथवर कागदाचे झाले. आता विजेच्या दप्तराकडे वळू.

संगणकावरची स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. लेख कितीही मोठा असो, एका ठरावीक गणिताने त्याचा लहानसा गोषवारा काढतात. लेखात एक काना बदलला तरी सारा गोषवारा बदलतो. मग धन्याजवळची गुप्त किल्ली लावून त्या गोषवाऱ्यावर मोहोर उठवतात. धन्याची दुसरी, उघड किल्ली सर्वांना ठाऊक असते. तिने कोणीही ती मोहोर तपासावी. 1976 ते 1978 च्या सुमारास अमेरिकेत ही कल्पना प्रसिद्ध झाली. आपल्या देशात 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली आणि 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात सातबाराचा उताराही अशा स्वाक्षरीने मिळू लागला. म्हणजे नांगराच्या निशाणीपासून निघालेली वाट पुन्हा शेताच्या बांधावरच येऊन पोचली आहे.

किल्ली मजबूत असून भागत नाही. गोषवाऱ्याचे गणित पक्के पाहिजे. दोन निराळ्या लेखांचा गोषवारा एकच निघू लागला, तर एकावर घेतलेली मोहोर दुसऱ्यावर चालेल. ‘एमडी-5’ हे 1991 चे गणित 2004 साली चिनी गणिती श्रीमती वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडले. 2012 मध्ये ‘फ्लेम’ नावाच्या हेरगिरीच्या प्रणालीने याच फटीतून शिरून मायक्रोसॉफ्टच्या मोहोरेची नक्कल केल्याचे उघड झाले. त्यामागून आलेले 1995 चे ‘शा-1’. त्याला 2005 मध्ये तडा गेला, आणि 23 फेब्रुवारी 2017 रोजी गूगल व ॲमस्टरडॅमची गणितसंस्था यांनी एकच गोषवारा असलेले दोन निरनिराळे लेख जगापुढे ठेवले. त्यासाठी एका संगणकाला 6,500 वर्षे पुरेल इतके काम पहिल्याच टप्प्यात करावे लागले होते. 2020 मध्ये दोन संशोधकांनी याहून घातक प्रकार सुमारे 45,000 डॉलरांत करून दाखवला. मोठ्या चोराला ही रक्कम जड नाही. आपल्याकडे प्रमाणपत्रे देणाऱ्यांना 2012 च्या आरंभापासूनच शा-1 सोडून पुढच्या गणितावर जावे लागले होते.

आता तो कारखाना. आजची कोणतीही प्रणाली एका हाताने लिहिलेली नसते. तिचे शेकडो सुटे भाग जगभरच्या भांडारांतून येतात. बांधणीचे यंत्र ते रात्रंदिवस आणते, प्रत्येकावरची मोहोर तपासते, जुळणी करते आणि तयार मालावर स्वतःची मोहोर उठवून पुढे पाठवते. पाहणारा माणूस कोणी नाही; सारा भरवसा मोहोरेवर. 2020 मध्ये सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या अशाच यंत्रात शत्रू शिरला. त्याने माल बांधतानाच आत विष कालवले आणि वर कंपनीची अस्सल मोहोर उठली. सुमारे 18,000 गिऱ्हाइकांकडे तो माल गेला. म्हणून या यंत्राच्या दाराशी मोहोर बघणारा कारकून कडक असावाच लागतो.

तो कडक झाला म्हणजेच आपला मूळ प्रश्न उपस्थित होतो. 2022 च्या मे महिन्यात रेड हॅटच्या 9 व्या आवृत्तीने शा-1 वरच्या स्वाक्षऱ्या आपणहून नाकारल्या. डेबियनच्या 13 व्या आवृत्तीत, म्हणजे 2025 च्या ऑगस्टमध्ये, भांडाराची मोहोर तपासण्याचे काम एका नव्या कारकुनाकडे गेले. त्याच्या नियमात तारीख लिहिलेली: 1 फेब्रुवारी 2026 पासून किल्लीवरची शा-1 ची मोहोर ग्राह्य नाही. येथे एक बारकावा आहे. उघड किल्लीवरही तिच्या धन्याने स्वतःची मोहोर उठवलेली असते, ‘ही किल्ली माझी, तिचा उपयोग अमुक’ असे सांगणारी. कित्येक भांडारांचा माल नव्या गणिताने मोहोरबंद होता, पण ही मुळातली मोहोर दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, शा-1 ची. ज्याने यंत्र सुधारून घेतले, त्याला त्या तारखेनंतर भांडाराचे दार बंद दिसले.

अशा वेळी घाईतला माणूस पहिला उपाय करतो तो 1863 चा. ‘या भांडारावर विश्वास आहे असे समज’ अशी एक ओळ यंत्रात लिहून मोकळा होतो, किंवा सबंध यंत्राचा कडकपणाच जुन्या पायरीवर आणून ठेवतो. काम चालू होते. मात्र ती ओळ तेथेच राहते, लिहिणारा दुसऱ्या नोकरीवर जातो आणि दाराशी कारकून असून नसल्यासारखा होतो. दुसरा उपाय 1852 चा: जुने ते सारे फेका. मग जी प्रणाली पुन्हा बांधण्यासाठी पंधरा वर्षांपूर्वीचा भाग लागतो ती कायमची अडते, आणि त्या भागात दोष काही नसतो.

योग्य उपाय साताऱ्याचा आहे, तो 1708 चा. धनी हयात आहे तोवर त्याच्याकडे जावे. त्याची किल्ली तीच राहते, तिची ओळखही तीच राहते. त्याने तिच्यावर नव्या गणिताची मोहोर एकदा उठवून दिली की झाले. आपण ती नवी उघड किल्ली आणावी, जुन्या ओळखीशी ताडून पाहावी आणि मगच यंत्रात ठेवावी. हे ताडणे म्हणजेच ‘मनास आणणे’. नवी किल्ली देणारा तोच धनी आहे की त्याच्या नावाने आलेला तोतया, हे येथेच ठरते. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने आलेल्या तोतयाने काय गोंधळ घातला, हे मराठी माणसाला सांगायला नको.

आणि धनीच उरला नसेल तर? भांडार बेवारस, किल्ली हरवलेली, लिहिणारा कोठे गेला ठाऊक नाही. तेव्हा मात्र काळाचा विचार करावा लागतो. शा-1 मोडले याचा अर्थ असा की, दोन लेख मुद्दाम जुळवून एका गोषवाऱ्याचे करता येतात. पूर्वीच मोहोरबंद झालेल्या एखाद्या लेखाला जुळेल असा दुसरा लेख मागाहून घडवणे अजून कोणाला साधलेले नाही. म्हणून 2008 सालची मोहोर खरोखरच 2008 सालची असेल, तर ती एकदम टाकाऊ ठरत नाही. घोळ एवढाच की मोहोरेतली तारीख धन्यानेच, किंवा चोरानेच, लिहिलेली असते. मागची तारीख घालून आज केलेला कागद आणि खरा जुना कागद यांत फरक दाखवणारे तिसरे कोणी पाहिजे. ते तिसरे कोणी म्हणजे बारनिशी. त्या काळी ज्यांनी तो माल उतरवून घेतला, त्यांच्या वहीत त्याचा गोषवारा सापडतो का? दोन-चार स्वतंत्र वह्यांत एकच सापडला, तर तो माल आत घ्यावा, त्याचा नव्या गणिताने गोषवारा काढावा आणि त्यावर आपली मोहोर उठवून आपल्या वहीत लिहावे की हा अमक्या आधारावर घेतला. एकाही वहीत सापडला नाही, तर कामाचा कितीही खोळंबा होवो, तो बाहेर ठेवावा. आम्ही या बाबतीत इनाम कमिशनच्याही बाजूचे होऊ.

जुनी मोहोर पुसून मात्र टाकू नये. दीर्घकाळ जपायच्या कागदांसाठी आता असे करतात की, जुना लेख जुन्या मोहोरेसकट एका पाकिटात घालायचा आणि पाकिटावर नव्या गणिताची, तारखेची साक्ष असलेली मोहोर उठवायची. ते गणित मोडायच्या बेताला आले की पुन्हा त्यावर दुसरे पाकीट. अमेरिकेच्या मानक संस्थेने शा-1 चा वापर 2030 च्या अखेरपर्यंत संपवावा असे 2022 मध्ये सांगून ठेवले आहे, तेव्हा पाकीट चढवायला अजून अवधी आहे.

मसूर-उंब्रजकडच्या ज्या घरांत तो रुमाल आहे, त्यांनीही हेच करावे. कागदाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, पाठीमागचे जोडशिक्के वगळू नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या सालची नोंद मिळते का ते पाहावे. एक नक्कल अभ्यासकाला द्यावी आणि मूळ पत्र परत आणून पेटीत ठेवावे.